व्यत्ययाबद्दल क्षमस्व!



सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलते फाडफाड, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ पाहून घाम फुटतो. 'एकोणऐंशी' म्हणजे ७९ की ८९, हे अजून बोटांवर मोजते. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

या लेखाचं निमित्त म्हणजे माझा तिसऱ्या वर्षाचा सेमिनार. विषय होता 'टेलिव्हिजनचा विकास'. ई अँड टीसीच्या मुलीला यापेक्षा सोपा विषय कुठला? स्कॅनिंग, ५२५ रेषा, ६ मेगाहर्ट्झ बँडविड्थ, सगळं व्यवस्थित मांडलं. शेवटी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "अमेरिकेत एक चॅनेल ६ मेगाहर्ट्झचं होतं, हे सांगितलंस. पण त्यामुळे तिथल्या माणसांचं काय झालं?"

मी म्हटलं, "सर, ते सिलॅबसमध्ये नाही."

वर्ग हसला. सरपण हसले. आणि दहापैकी सहा मार्क दिले.

ते उरलेले चार मार्क शोधण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. जे सापडलं ते इथे लिहिते आहे. आपल्या हॉस्टेलचाही त्याच्याशी संबंध आहे, पण तो शेवटी सांगते.

शेतातला मुलगा

टीव्हीचा शोध कुणी लावला, याचं एका नावात उत्तर नाही. जर्मनीच्या पॉल निपकोने १८८४ साली भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीचं पेटंट घेतलं. लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ ला तशाच चकतीच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने चेहरे हलताना दाखवले. पण चकती फिरणार किती वेगाने? चित्र धूसरच राहायचं.

मला सगळ्यांत आवडला तो फायलो फार्न्सवर्थ. जन्म १९०६, युटा राज्यातला. पुढे आयडाहोतल्या रिग्बी गावाजवळ शेतावर राहायचा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना घोड्यामागे शेत नांगरत होता. मागे वळून पाहिलं तर मातीत एकाखाली एक सरळ रेघा उमटलेल्या. त्याच्या डोक्यात आलं, की चित्रसुद्धा असंच एकेका रेघेने वाचता येईल, आणि ते काम चकतीऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताकडून करून घेता येईल. १९२२ साली त्याने ही कल्पना शाळेतल्या केमिस्ट्रीच्या सरांना, जस्टिन टॉलमन यांना, फळ्यावर आकृती काढून समजावली.

७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या छोट्याशा लॅबमध्ये त्याने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एक चित्र पाठवलं. चित्र कसलं, नुसती एक सरळ रेघ! पण त्यात एकही फिरता भाग नव्हता. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोरांएवढा. (आपली बीईची प्रोजेक्टं आठवून मला अंमळ लाज वाटली.)

पुढे रेडिओच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी आरसीए त्याच्याविरुद्ध उभी राहिली. कंपनीकडे व्लादिमीर झ्वोरिकिनसारखा हुशार इंजिनिअर होता, वकिलांची फौज होती आणि डेव्हिड सारनॉफसारखा जिद्दी प्रमुख होता. पेटंटच्या लढाईत टॉलमन सरांनी आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष दिली. निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला आणि १९३९ साली आरसीएला त्याचे पेटंट हक्क पैसे मोजून वापरायला घ्यावे लागले. पण मग महायुद्ध आलं. टीव्हीचे कारखाने लष्कराच्या कामाला लागले आणि १९४७ साली, नेमका टीव्हीचा खप वाढायच्या वेळी, त्याच्या मुख्य पेटंटांची मुदत संपली.

म्हणजे पोराने यंत्र बनवलं. पण त्या यंत्रातून काय दिसणार, हे ठरवणारे लोक वेगळेच होते.

फक्त बारा चॅनेल

आता थोडं गणित. मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, सोपं आहे.

अमेरिकेने १९४१ साली एनटीएससी नावाची पद्धत स्वीकारली. एका चित्रात ५२५ रेषा, सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,७५० रेषा, आणि प्रत्येक रेषेत उजेड-अंधाराचे शेकडो बदल. हे चित्र आणि सोबतचा आवाज हवेतून पाठवायला ६ मेगाहर्ट्झ एवढी जागा लागते. तिथल्या एएम रेडिओ स्टेशनला १० किलोहर्ट्झ पुरतात. थोडक्यात काय, एका टीव्ही चॅनेलच्या जागेत ६०० रेडिओ स्टेशनं मावली असती!

हवेतली जागा काही रबरासारखी ताणत नाही. पोलीस, विमानं, लष्कर, एफएम, सगळ्यांना तीच हवी. शेवटी व्हीएचएफमध्ये टीव्हीला मिळाली बारा चॅनेलं, क्रमांक २ ते १३. त्यातही एकच क्रमांक जवळच्या दोन शहरांना दिला तर पडद्यावर चित्रांची खिचडी होते. हा घोळ इतका वाढला, की एफसीसी या सरकारी आयोगाने सप्टेंबर १९४८ ते एप्रिल १९५२ नव्या स्टेशनांचे परवानेच थांबवले. बंदी उठली तेव्हा नियम झाला, की एकाच क्रमांकाच्या दोन व्हीएचएफ स्टेशनांत किमान १७० मैलांचं अंतर हवं, आणि काही भागांत तर २२० मैलांचं.

याचा परिणाम असा, की बहुतेक शहरांच्या वाट्याला दोन-तीनच चांगली चॅनेलं आली. यूएचएफ नावाची नवी पट्टी उघडली होती, पण घरातले संच ती पकडतच नव्हते. प्रत्येक नव्या संचात ती सोय हवी, असा कायदा १९६२ साली झाला आणि १९६४ पासून लागू झाला. तोपर्यंत बाजार वाटून झाला होता. ड्युमाँट नावाचं चौथं नेटवर्क बरीच वर्षं धडपडून १९५६ साली बंद पडलं. उरली तीन: एनबीसी, सीबीएस आणि एबीसी.

संच मात्र धडाधड विकले गेले. १९५० साली शंभरातल्या ९ घरांत टीव्ही होता, १९६० साली ८७ घरांत. दहा वर्षांत! आणि संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्या दहापैकी नऊजण या तिघांपैकीच एक बघायचे. अमेरिकेला एक मोठं सामाईक अंगण मिळालं. ते मिळावं म्हणून कुणी योजना आखली नव्हती. हवेत जागा नव्हती, म्हणून ते झालं.

सर, पहिला मार्क इथे द्या.

पैसे कोण देतं?

अंगण झालं, पण झाडलोटीचा खर्च कुणी करायचा? ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी लोक परवाना शुल्क भरत. भारतात दूरदर्शन सरकारने चालवलं. अमेरिकेने रेडिओचीच रीत पुढे चालवली: कार्यक्रम फुकट, खर्च जाहिरातदाराचा. १ जुलै १९४१ ला न्यूयॉर्कच्या स्टेशनवर बेसबॉलच्या मॅचआधी बुलोव्हा घड्याळाची दहा सेकंदांची जाहिरात लागली. तिथली ही पहिली अधिकृत टीव्ही जाहिरात, खर्च दहा डॉलरच्या आत. (आज मेसमध्ये एक पार्टी द्यायला याहून जास्त लागतात.)

सुरुवातीला अख्खा कार्यक्रमच एका कंपनीचा असायचा. 'आय लव्ह लुसी' ही १९५१ साली सुरू झालेली विनोदी मालिका एका सिगारेट कंपनीच्या पैशावर चालायची. ल्युसिल बॉल त्यातली नायिका. ती प्रत्यक्षात गरोदर राहिली, तेव्हा कथेतही लुसीला दिवस गेले. पण त्यासाठीचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारायला नेटवर्कची मनाई! आडवळणाने सांगायचं. १९ जानेवारी १९५३ ला लुसीला बाळ झालं, तो भाग सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता. त्याला त्याहून बरेच कमी प्रेक्षक मिळाले!

या मालिकेने इंजिनिअरिंगचंही एक मोठं काम केलं. तेव्हा बरेचसे कार्यक्रम थेट व्हायचे आणि हवेत विरून जायचे. लुसीवाल्यांनी तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर, फिल्मवर चित्रीकरण केलं आणि हक्क स्वतःकडे ठेवले. म्हणून त्या मालिकेचे भाग पुन्हा पुन्हा विकता आले. आपण ज्याला 'रिपीट टेलिकास्ट' म्हणतो, त्या धंद्याचा पाया तिथला.

पण प्रायोजकाच्या हातात लगाम दिला की गाडी कुठे जाते, तेही पाहा. १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाची क्विझ गाजत होती. हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक जिंकत होता, पण तो दिसायला साधा, प्रेक्षकांना कंटाळा आलेला. त्याला सांगण्यात आलं, की आता हर. ऑस्कर मिळालेल्या सिनेमाचं नाव विचारलं गेलं. उत्तर होतं 'मार्टी'. त्याने तो सिनेमा तीनदा पाहिलेला, तरी त्याला चुकीचं नाव घ्यावं लागलं. त्याच्या जागी आला चार्ल्स व्हॅन डोरेन, कोलंबिया विद्यापीठातला देखणा तरुण प्राध्यापक. त्याला उत्तरं आधीच मिळायची. देशभर कौतुक झालं. शेवटी २ नोव्हेंबर १९५९ ला त्याने संसदीय समितीपुढे सगळं कबूल केलं. आश्चर्य म्हणजे, अशी क्विझ ठरवून खेळणं तेव्हा गुन्हाच नव्हता! तो कायदा १९६० साली झाला. त्यानंतर नेटवर्कांनी कार्यक्रमांची सूत्रं प्रायोजकांकडून स्वतःच्या हातात घेतली.

आणि आपला फार्न्सवर्थ? १९५७ साली तो 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या खेळात पाहुणा म्हणून आला. 'डॉ. एक्स' असं नाव दिलेलं. समोरच्या मंडळींनी त्याचं गुपित ओळखायचं होतं, की मी इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनचा शोध लावला. कुणालाही ओळखता आलं नाही. बक्षीस म्हणून त्याला ८० डॉलर आणि प्रायोजकाच्या सिगारेटचा एक मोठा खोका मिळाला. टीव्हीवर बसलेल्या लोकांना टीव्हीचा बाप ओळखू आला नाही! त्याच कार्यक्रमात तो म्हणाला, की रेषा दोन हजारांच्या वर नेता येतील, आणि तेही आणखी कमी बँडविड्थमध्ये. आज एचडी बघणाऱ्या आपल्याला त्याचं महत्त्व कळतं.

मे १९६१ मध्ये एफसीसीचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी स्टेशनमालकांच्या सभेत जाऊन टीव्हीला सरळ 'विस्तीर्ण ओसाड माळ' म्हटलं. ते शब्द अमेरिकेत अजून लोकांच्या तोंडी आहेत.

सगळा देश एकाच वेळी

हे वाचून वाटेल की टीव्ही म्हणजे नुसता बाजार. मलाही तसंच वाटत होतं. पण त्याच माळावर काही दिवस असे उगवले, की सगळा देश एकत्र बसला.

२२ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. तिन्ही नेटवर्कांनी दफनविधीपर्यंत, म्हणजे चार दिवस, सगळ्या मालिका आणि सगळ्या जाहिराती बंद ठेवल्या. जाहिरातीवर जगणाऱ्यांनी! कोट्यवधी माणसांनी एकच शोक एकाच वेळी केला.

दुसरा दिवस ७ मार्च १९६५. अलाबामा राज्यातलं सेल्मा गाव. मतदानाचा हक्क मागणारे सुमारे ६०० कृष्णवर्णीय मोर्चेकरी पुलावरून चालत होते. राज्याच्या पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. तेव्हा उपग्रहावरून ताबडतोब चित्र पाठवायची सोय नव्हती. फिल्म विमानाने न्यूयॉर्कला गेली. रात्री एबीसीवर 'जजमेंट अॅट न्यूरेंबर्ग' सिनेमा चालू होता, नाझींवरच्या खटल्याचा. सुमारे ४ कोटी ८० लाख लोक बघत होते. सिनेमा मध्येच थांबवून सेल्माची दृश्यं दाखवली गेली. प्रेक्षकांना क्षणभर कळेना, की हे जर्मनी आहे की आपलाच देश. पुढच्या काही दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं सेल्माकडे निघाली आणि ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली. कायदा टीव्हीमुळे झाला असं मी म्हणणार नाही, तो त्या पुलावर रक्त सांडणाऱ्यांनी मिळवला. पण ते रक्त दिवाणखान्यात पोचलं, हे टीव्हीमुळे. आणि जे लोक सेल्मा बघायला बसलेच नव्हते, ज्यांना फक्त सिनेमा बघायचा होता, त्यांनाही ते बघावं लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

तिसरा दिवस २० जुलै १९६९. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला फक्त १० चित्रं पाठवायचा, तीही ३२० रेषांची. पृथ्वीवर त्यांचं ५२५ रेषांत रूपांतर करून ती दाखवली. भारतात तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. माझी आजी सांगते, तिने ती बातमी रेडिओवर ऐकली. फार्न्सवर्थने मात्र ते दृश्य घरी बायकोबरोबर पाहिलं. त्याची पत्नी पेम पुढे सांगायची, की त्या दिवशी तो म्हणाला, आता सगळ्या कष्टांचं चीज झालं. दीड वर्षाने, मार्च १९७१ मध्ये, तो गेला.

'केबलमध्ये बिघाड'

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, वा, काय ते तीन चॅनेलचे सोन्याचे दिवस! थांबा. मीसुद्धा इथेच थांबले असते, पण मला जॅक्सनची गोष्ट सापडली.

आधी आपल्याकडचं सांगते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चाळीत एका घरी टीव्ही, बाकीचे दारात चपला काढून आत. कार्यक्रम मध्येच अडकला की पाटी यायची, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. आजी म्हणते, त्या पाटीला सगळे हसायचे आणि बायका तेवढ्यात कुकर बघून यायच्या. ती पाटी आली की तांत्रिक बिघाड आहे, यावर सगळ्यांचा विश्वास.

मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. तिथलं डब्ल्यूएलबीटी हे स्टेशन १९५३ साली सुरू झालं, ते एनबीसीचे कार्यक्रम दाखवायचं. त्याच्या प्रक्षेपणाच्या टापूतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय. १९५५ साली एनबीसीवर थर्गुड मार्शल यांची मुलाखत होती. शाळांमधला वर्णभेद संपवणारा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकलेले हे वकील. जॅक्सनमध्ये मात्र ते दिसले नाहीत. पडद्यावर पाटी आली, की क्षमस्व, केबलमध्ये बिघाड आहे.

बिघाड केबलमध्ये नव्हता!

मी ई अँड टीसीची आहे. उद्या अशाच एखाद्या कंट्रोल रूममध्ये मी बसेन. 'ती पाटी लाव' असं मला वरून सांगितलं तर? हा प्रश्न मला कुठल्याही ओरलमध्ये कुणी विचारला नव्हता.

तिथल्या लोकांनी तक्रारी केल्या. १९६४ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेने स्थानिक नागरिकांना सोबत घेतलं. स्वयंसेवकांनी आठवडाभर घरात बसून स्टेशनवर काय दिसतं, कोण दिसतं, कोण दिसत नाही, याची नोंद केली. मग एफसीसीकडे मागणी केली, की या स्टेशनचा परवाना पुन्हा देऊ नका. एफसीसीचं उत्तर होतं, की तुम्हाला तक्रारीचा अधिकारच नाही. तोवरच्या रिवाजाप्रमाणे परवान्याला हरकत घ्यायचा हक्क दोघांनाच होता: ज्याचं पैशाचं नुकसान होतं तो, आणि ज्याच्या सिग्नलमध्ये विद्युत व्यत्यय येतो तो.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. सिग्नलमध्ये व्यत्यय आला तर दाद होती, माणसाच्या आयुष्यात आला तर नव्हती. बघणाऱ्याला हक्कच नव्हता, कारण तो गिऱ्हाईक नव्हता. गिऱ्हाईक होता जाहिरातदार. बघणारा हा विकायचा माल!

१९६६ साली वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने, न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांच्या निकालपत्रात, सांगितलं की प्रेक्षकांनाही बाजू मांडायचा हक्क आहे, हवेतली जागा जनतेची आहे. १९६९ साली त्याच कोर्टाने स्टेशनच्या परवान्याचं नूतनीकरण रद्द केलं. पुढे नव्या व्यवस्थेत १९७२ साली विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ तिथले जनरल मॅनेजर झाले.

तर सर, दुसरा आणि तिसरा मार्क. अंगण सामाईक होतं, पण त्यात कुणी उभं राहायचं, हे ठरवणारे थोडे होते. जागा कमी म्हणून सगळे एकत्र बघत होते, आणि जागा कमी म्हणूनच कुणाला तरी गाळणं सोपं होतं. दोन्ही गोष्टी एकाच ६ मेगाहर्ट्झमधून निघाल्या.

अंगणाच्या खोल्या झाल्या

मग ती टंचाई संपली. डोंगराळ गावांत सिग्नल पोचत नाही म्हणून १९४८ च्या सुमाराला पेन्सिल्व्हेनिया, ओरेगनमध्ये लोकांनी टेकडीवर मोठा अँटेना लावून घरोघर तारा ओढल्या होत्या. हीच ती केबल. तारेत चॅनेलं वाढवायला हवेतली जागा लागत नाही. १९७५ साली एचबीओ उपग्रहावर गेलं आणि छोट्या गावच्या केबलवाल्यालाही देशभरचे कार्यक्रम मिळू लागले. १९८० साली चोवीस तास बातम्यांचं सीएनएन, १९८१ साली गाण्यांचं एमटीव्ही. हातात रिमोट आला, घरात व्हीसीआर आला.

एफसीसीचा १९४९ पासून एक नियम होता. वादाच्या विषयावर स्टेशनने दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली हा नियम उचलून धरला, तेव्हा कारण दिलं होतं की हवेतली जागा मर्यादित आहे. १९८७ साली एफसीसीने तो रद्द केला, आता चॅनेलं भरपूर झाली म्हणून. १९९६ साली फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी आली. हळूहळू प्रत्येकाला आपल्या मताची बातमी मिळायची सोय झाली.

२८ फेब्रुवारी १९८३ ला 'मॅश' या मालिकेचा शेवटचा भाग सुमारे साडेदहा कोटी अमेरिकनांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण २३ कोटी. त्यानंतर कुठल्याही मालिकेच्या नशिबी एवढा प्रेक्षक आला नाही. १२ जून २००९ ला तिथल्या मोठ्या स्टेशनांचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि एनटीएससीचं युग संपलं. आणि मे २०२५ मध्ये नील्सन कंपनीच्या मोजणीत टीव्हीच्या पडद्यावर इंटरनेटवरून बघणाऱ्यांचा वाटा नेहमीची चॅनेलं आणि केबल यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरला. पहिल्यांदाच.

आता कुणाला गाळणं पूर्वीइतकं सोपं नाही. ज्यांना तीन चॅनेलांत जागा नव्हती, ते स्वतःचं चॅनेल काढतात. ही फार मोठी कमाई आहे. पण सिनेमा थांबवून सेल्मा दाखवेल असं आता कोण आहे? मला नको असलेलं मला दिसणारच नाही, अशी व्यवस्था मी स्वतःच करून ठेवली आहे. आता 'बिघाड आहे' अशी पाटी लावायचीही गरज नाही. ती पाटी आपणच आपल्या खिशात घेऊन फिरतो.

आपली टीव्ही रूम

आता हॉस्टेलचं. गेल्या टर्मला एक ठराव फिरला, की टीव्ही रूममध्ये कुणी जात नाही, तिथे रीडिंग रूम करावी. क्रिकेटची फायनल सोडली तर खरंच कोण जातं? प्रत्येकीचा मोबाईल, प्रत्येकीचे इअरफोन. मी ठराव पूर्ण वाचलासुद्धा नाही. सही ठोकली.

हा लेख लिहिताना एका रात्री पाण्याची बाटली भरायला खाली गेले. टीव्ही रूममध्ये उजेड दिसला. मेसच्या दोन मावशी आणि गेटवरचे वॉचमन काका बसले होते. मालिका चालू होती. काका दाराजवळच्या खुर्चीवर, एक डोळा गेटवर. मला बघून मावशी उठायलाच लागल्या. म्हणाल्या, "बंद करू का गं? अभ्यास करायचाय का तुला?"

मी म्हटलं, "नाही मावशी, बसा." आणि मीपण बसले. मालिका भयंकर होती. सासूने तिजोरीची किल्ली कणकेत लपवली होती. पण जाहिरात लागल्यावर मावशींनी मला मागचं सगळं कथानक समजावून सांगितलं, आणि काकांनी त्यात दुरुस्त्या केल्या. भांडी घासून झाली की हा अर्धा तास त्यांचा. रोज.

ठरावावर शंभरएक सह्या होत्या. त्यातली एकही तिथे रोज बसणाऱ्याची नव्हती. आम्ही लिहिलं होतं, 'कुणीही वापरत नाही'. जॅक्सनच्या त्या स्टेशनला मी नावं ठेवत होते, आणि इथे माझीच सही!

रीडिंग रूमची गरज खरी आहे, परीक्षेच्या दिवसांत तर फारच. त्यामुळे ठराव चूक आहे असं मी म्हणत नाही. पण परवा मी रेक्टर मॅडमना साध्या कागदावर अर्ज दिला. माझी सही तात्पुरती रद्द समजावी आणि निर्णयाआधी मेसच्या, सफाईच्या आणि गेटवरच्या लोकांना विचारावं. मॅडम म्हणाल्या, "बघू." त्यावर आणखी कुणाला सही करायची असेल तर माझ्या खोलीत कागद ठेवलेला आहे.

लेख सरांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, "मार्कशीट गेली गं वर."

तीन मार्क मी स्वतःच घेतले आहेत. चौथा मावशी देतील तेव्हा.